तांड्यावरच्या बाईला दुकानदार करू नका, तिच्यासाठी दुकान उघडा

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर,
आणि मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांचे मा. मुख्य कार्यकारी अधिकारी

स.न.वि.वि.

हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यांवर आणि आसपासच्या गावांत हातानं वस्तू करणाऱ्या बायांच्या बचत गटांबरोबर मी काम करते. भरतकामाच्या पिशव्या, वाकळा, बुरूड घरातल्या टोपल्या, थोडी घोंगडी असा माल ऑनलाइन विकायला मदत करायची, हे माझं काम. फोटो काढणं, माहिती भरणं, पार्सल बांधणं आणि परत आलेलं पार्सल उघडून ते का परत आलं याचा शोध घेणं. हे काम करताना जे दिसलं, ते आपल्यापर्यंत अहवालातून पोचत नाही. म्हणून हे पत्र.

ऑनलाइन विक्रीची शिबिरं आता प्रत्येक तालुक्यात होतात. पन्नास-साठ बाया येतात. सकाळी ईमेल कसा काढायचा ते सांगतात, दुपारी आधार, पॅन, पासबुकाचे फोटो चढवून घेतात आणि संध्याकाळपर्यंत बहुतेकींची विक्रेता म्हणून नोंदणी झालेली असते. अहवालात आकडा जातो. पुढच्या महिन्यात त्यातल्या कुणाच्या घरी गेलात, तर कळतं की ईमेलचा पासवर्ड पोराला माहीत आहे आणि पोरगा चाकणला कंपनीत आहे. ऑर्डर आली असेल तर ती त्याच्या मोबाईलवर आली, आणि त्यानं ती रात्रपाळी संपल्यावर पाहिली.

प्रशिक्षण देणाऱ्यांचा यात दोष नाही, बायांचाही नाही. चुकीची गोष्ट मागितली जाते आहे. जी बाई सुईदोऱ्यानं कापडावर आरसे बसवते, तिनंच फोटोग्राफर व्हावं, हिशोबनीस व्हावं, पार्सलवाली व्हावं आणि रात्री अकरा वाजता ‘रंग पक्का आहे का’ असं विचारणाऱ्या ग्राहकाला उत्तरही द्यावं, असं आपण धरून चाललो आहोत. शहरातला कुठला कपड्याचा व्यापारी ही सगळी कामं एकटा करतो? त्याच्याकडे माणसं असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की कारागिरानं कारागीर राहावं, आणि विकण्याचं काम करणारी, पगारावरची माणसं तालुक्याच्या ठिकाणी एका खरेदी-विक्री केंद्रात बसवावीत. त्या केंद्रानं माल रोख पैसे देऊन विकत घ्यावा आणि स्वतःच्या नावावर विकावा.

रोख पैशावर मी का अडून बसते, ते आधी सांगते. आपल्या विभागाचं वर्ष ऊसतोडीनं ठरतं. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, त्याआधीच घेऊन झालेली असते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे बाईही जाते. बीडचं नाव जास्त घेतलं जातं, पण हिंगोली, परभणी, जालना, नांदेडचे तांडेही दसऱ्यानंतर रिकामे होतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. आता ऑनलाइन बाजाराचं वर्ष बघा. मोठे सेल नवरात्राच्या सुमाराला लागतात आणि दिवाळीपर्यंत चालतात. वर्षातली सगळ्यात मोठी मागणी येते तेव्हा माल करणारी बाई पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर मोळ्या बांधत असते.

यावर उपाय एकच दिसतो. आषाढ-श्रावणात, बाया गावात असताना, निंदणी-खुरपणीतून जेवढा वेळ मिळतो त्या वेळात माल करून घ्यायचा, तो लगेच विकत घ्यायचा, कोरड्या जागेत साठवायचा आणि दिवाळीत विकायचा. पण पावसाळ्यात केलेल्या पिशवीचे पैसे कार्तिकात मिळतील असं सांगितलं, तर कुणी ती करणार नाही, करूही नये. तेवढ्यात मुकादम दारात नोटा मोजून देतो. आणि विकलं गेलं तरी ऑनलाइन बाजारपेठा माल पोचल्यावर, परत करण्याची मुदत गेल्यावर पैसे सोडतात. कापड-दोरा-आरशांचा खर्च केलेल्या बाईनं तोपर्यंत काय करायचं? किराणा दुकानदार थांबत नाही, सावकार तर नाहीच.

म्हणून खेळतं भांडवल हाताशी असलेली खरेदी हवी. भाव आधी ठरलेला, फळ्यावर लिहिलेला. माल दाखवला, तपासला, पैसे हातात. नंतर तो विकला जातो की नाही ही काळजी त्या केंद्राची, बाईची नव्हे. भरतकामातून आधी पैसे मिळायला लागले, तर एखादी तरी जोडी उचल कमी घेईल, कदाचित घेणारही नाही. मी मोठं काही बोलत नाही. ऊसतोड एवढ्यानं थांबणार नाही हे मला कळतं. पण आज त्या बाईसमोर दुसरा पर्यायच ठेवलेला नाही.

आपण म्हणाल की हा तर दलालच झाला. होय, मधला माणूस आहेच. तो आजही आहे. तांड्यांवर जुन्या फेटिया (घागरे) आणि कांचळ्या (चोळ्या) मागायला फेरीवाले येतात. आजीनं लग्नात घातलेली, कवड्या-आरशांनी भरलेली फेटिया मातीमोल भावात नेतात, तिचे तुकडे करून पिशव्यांवर लावतात आणि त्या पर्यटकांना विकतात. प्रश्न मधला माणूस असावा की नसावा हा नाही. त्याची मालकी कुणाकडे आणि हिशोब कुणाला दिसतो, हा आहे. केंद्र बायांच्या संघाच्या मालकीचं असेल, घेतल्याचा भाव आणि विकल्याचा भाव दोन्ही भिंतीवर लावलेले असतील, तर तो दलाल राहत नाही.

हे कुठे झालंय का, असंही आपण विचाराल. कच्छमध्ये १९६९च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी धनेटी गावात गेल्या. तिथल्या बाया फुकटचं धान्य घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी साड्यांवर भरतकामाचं काम दिलं आणि त्याची मजुरी दिली. त्यातून ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. कापड-दोरा घरपोच, नक्षीची आखणी आणि विक्री संस्थेकडे, बाईनं घरी बसून भरायचं. शेजारच्या कर्नाटकात संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागेही ‘संडूर कुशल कला केंद्र’ ही संस्था आहे. तीच सुई, तेच टाके, तीच बंजारा बाई. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात त्याच हातांना खडी फोडायला दिली. रोजगार हमीनं लाखो माणसं जगवली, त्याबद्दल मी वेडंवाकडं बोलणार नाही. पण पन्नास वर्षांनंतरही आमच्या बाईच्या हातात काय कला आहे हे आपल्या कुठल्याही आराखड्यात दिसत नाही, याचं दुःख होतं.

१७ सप्टेंबर २०२३ला, आपल्या मुक्तिसंग्राम दिनाच्याच तारखेला, केंद्र सरकारची कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, ५ टक्के व्याज, अवजारांसाठी १५ हजार. त्यात १८ व्यवसाय आहेत. कुंभार आहे, टोपल्या-झाडू करणारा आहे, शिंपी आहे. भरतकाम करणारी आणि हातमागावर विणणारा त्या यादीत नाही. त्यामुळे तांड्यावरची बाई आणि पैठणचा विणकर दोघंही बाहेर राहतात. निदान आपल्या जिल्हा नियोजनाच्या पैशातून ही कसर भरून निघू शकते.

आता करांचं. हा मुद्दा राज्याच्या वित्त विभागाकडे आणि पुढे जीएसटी परिषदेकडे न्यावा, ही विनंती. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करता ऑनलाइन बाजारपेठेवर वस्तू विकता येतात. महाराष्ट्रात त्यासाठी उलाढालीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, आणि पॅनवर पोर्टलवरून एक क्रमांक घ्यावा लागतो. चांगला निर्णय होता. पण अट अशी की माल राज्याच्या हद्दीबाहेर पाठवायचा नाही. मराठवाड्याचा नकाशा समोर ठेवा. धर्माबादहून बासर जवळ, मुंबई रात्रभराच्या प्रवासावर. देगलूर, उदगीरच्या माणसाची सोयरीक बिदर-निजामाबादकडे, दवाखाना हैदराबादला. आमच्या भरतकामाचं मोल जाणणारे बंजारा लोक तेलंगणात आणि कर्नाटकात मोठ्या संख्येनं आहेत. त्यांनी ऑनलाइन मागवलं तर आमच्या बाईला ते पाठवता येत नाही.

गंमत नव्हे, वेदना अशी की हस्तकलेच्या वस्तू राज्याबाहेर विकणाऱ्या छोट्या कारागिराला २०१७ सालीच नोंदणीतून सूट दिलेली आहे. उलाढाल २० लाखांच्या आत, पॅन आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचं ऑनलाइन बिल) असलं की झालं. म्हणजे तीच बाई तीच पिशवी हैदराबादच्या प्रदर्शनात स्वतः नेऊन विकू शकते, पण तिथल्याच गिऱ्हाईकानं बाजारपेठेच्या ॲपवरून मागवली तर विकू शकत नाही. दोन नियम एकमेकांशी जुळवून घ्या, एवढीच मागणी आहे. आणि ते होईपर्यंत, तालुक्याच्या खरेदी-विक्री केंद्रानं स्वतः जीएसटी नोंदणी घेतली, बायांकडून माल विकत घेतला आणि देशभर पाठवला, तर एकेका बाईला या भानगडीत पडावंच लागणार नाही. माल विकत घेणारं केंद्र हवं, याचं हेही एक कारण.

फोन नंबरचंही असंच आहे. पाकीटबंद मालावर नाव, पत्ता, किंमत यांच्यासोबत तक्रारीसाठी फोन क्रमांक छापावा लागतो, आणि ते बरोबरच आहे. पण गटातल्या एखाद्या तरुण सुनेचा खासगी नंबर पाकिटावर छापून देशभर फिरला की काय होतं ते मी पाहिलं आहे. तिनं नंबर बंद केला, आणि मग गटाचं बँकेचं कामही अडलं. केंद्राचा एक नंबर असेल तर हा त्रास संपतो.

कुरिअरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बैठकांमध्ये हा विषय ‘वाहतूक खर्च’ या दोन शब्दांत उरकला जातो. मोठं पण हलकं पार्सल असेल, तर कुरिअर काट्यावरचं वजन धरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, बहुतेक ठिकाणी त्याला ५०००नं भागायचं, येईल ते किलो. बुरुडाची एक चांगली दुरडी ४० बाय ४० बाय २५च्या खोक्यात बसते. हिशोब करा, ८ किलो होतात. काट्यावर ती पाऊण किलोसुद्धा भरत नाही. पाऊण किलोच्या वस्तूला आठ किलोचं भाडं लागलं की टोपलीपेक्षा तिचा प्रवास महाग. माहूर-किनवटच्या पट्ट्यातल्या बुरुडांचा माल ऑनलाइन चालत नाही म्हणतात, त्यामागे हे साधं गणित आहे. मागणी नाही हे खरं कारण नव्हे.

आणि याला उत्तर आहे. एकात एक बसतील अशा तीन मापांच्या दुरड्या करायच्या आणि संच म्हणून विकायच्या. खोकं तेच, भाडं तिघींत वाटलं जातं. परडी, सूप, भिंतीवर लावायचा पंखा अशा चपट्या वस्तू वेगळ्या पाकिटात. पण हे सांगायला कुणीतरी बुरूड आळीत जाऊन बसलं पाहिजे, मापाचे साचे करून दिले पाहिजेत. शिवाय बांबूला भुंगा लागतो. गिऱ्हाइकाच्या घरी महिन्याभरात टोपलीखाली पिवळा भुगा पडला की ती परत येते आणि सोबत वाईट शेरा येतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू मुरवला की भुंगा लागत नाही. त्यासाठी एक टाकी लागते. प्रत्येक बुरुडाच्या दारात टाकी शक्य नाही, तालुक्याला एक शक्य आहे.

घोंगडीचं वेगळं. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्याच्या खळीत ताठ केलेलं घोंगडं अंगाला टोचतं, पहिले काही दिवस त्याला वासही येतो. ज्याला माहीत आहे तो म्हणूनच घेतो. ज्याला माहीत नाही तो मऊ ब्लँकेट समजून मागवतो आणि परत पाठवतो. विकताना खरं लिहिलं तर परत येणं कमी होतं, हा आमचा अनुभव आहे. ‘हे टोचतं, पाठीला ऊब देतं, धुवायचं नाही, उन्हात टाकायचं’ असं मराठीत स्वच्छ लिहिलं की खरं गिऱ्हाईक बरोबर येतं. आणखी एक अडचण, जी पोर्टल बनवणाऱ्यांना कधी सुचणार नाही: एकच नग शिल्लक म्हणून ऑनलाइन दाखवलेलं घोंगडं विणकर माळेगावच्या यात्रेत विकून मोकळा होतो. त्याचं काय चुकलं? समोर गिऱ्हाईक आणि रोख पैसे होते. पण इकडे ऑर्डर रद्द होते, दंड लागतो, विक्रेत्याची पत खाली जाते. माल केंद्राच्या कपाटात असेल तर हे घडतच नाही.

पैठणीबद्दल थोडक्यात, कारण तिच्याकडे निदान लक्ष तरी आहे. भौगोलिक मानांकन आहे, नाव आहे. तिचा शत्रू नक्कल आहे. हजार-बाराशे रुपयांना ‘पैठणी’ म्हणून यंत्रमागाची साडी ऑनलाइन विकली जाते आणि शोधल्यावर तीच वर येते. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, यंत्रमागाच्या साडीत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. आपल्या विभागातून पैठणी या नावानं जे काही विकायला चढेल, त्यासोबत पदराच्या मागच्या बाजूचा फोटो सक्तीचा करा. खर्च शून्य. हिमरूच्या उरलेल्या मागांनाही असाच आधार द्या. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांचं ते विणकाम आता फार थोड्या घरांत टिकून आहे.

कृपा करून आणखी एक पोर्टल काढू नका. राज्याच्या उमेद अभियानाचं उमेद मार्ट आहे, केंद्र सरकारचं ई-सरस आहे, वस्त्रोद्योग मंत्रालयाचं कमिशन न घेणारं इंडिया हँडमेड आहे, ओएनडीसी हे ऑनलाइन विक्रीचं खुलं नेटवर्क आहे, खासगी कंपन्यांचे कारागिरांसाठीचे उपक्रम आहेत. विकायला जागा भरपूर झाल्या. त्या जागांपर्यंत माल धुऊन, इस्त्री करून, मोजून, बांधून, वेळेत पोचवणारे हात कमी आहेत. आमच्या बऱ्याच गावांत कुरिअरवाला पार्सल न्यायला येत नाही. तालुक्याला जाऊन द्यावं लागतं, आणि एका पिशवीसाठी एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी धरली तर विक्रीत काही उरत नाही. वीस पार्सलं एकदम निघाली की हाच खर्च चिल्लर होतो. पोस्ट तर गावोगावी आहे. केंद्रानं पोस्टाशी करार केला तर आणखी सोपं.

जागा शोधायचीही गरज नाही. माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळाची) लोकसंचालित साधन केंद्रं तालुक्यांत आहेत. उमेदचे, बचत गटांचे प्रभागसंघ आहेत. यातल्या ज्या तालुक्यात जे मजबूत, त्याच्याकडे सोपवा. दोघांना एकत्र बसवायला जमलं तर उत्तमच. त्या केंद्रात दोन मुली पूर्ण पगारावर नेमा, मानधनावर नकोत. एक माल तपासून घेईल, भाव देईल, हिशोब ठेवेल. दुसरी फोटो, माहिती, ऑर्डर आणि पार्सल बघेल. बी.कॉम., बी.ए. झालेल्या, मोबाईल उत्तम चालवणाऱ्या मुली प्रत्येक तालुक्यात घरी बसून आहेत. त्यांना महिना १५ ते १८ हजार दिले तर त्या पुण्याला जाणार नाहीत. सोबत पाच लाखांचं खेळतं भांडवल, एक कोरडी खोली, कपाटं, वजनकाटा, एक शिलाई मशीन आणि इस्त्री.

योजनेचे पैसे संपले की अशी केंद्रं बंद पडतात, हे मलाही माहीत आहे. कुलूप लागलेली प्रशिक्षण केंद्रं आणि प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या मशीन मी पाहिल्या आहेत. म्हणून पगाराची हमी तीन वर्षांची द्या: पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी दोन-तृतीयांश, तिसऱ्या वर्षी एक-तृतीयांश. उरलेलं केंद्रानं विक्रीच्या फरकातून काढायचं. सगळ्या तालुक्यांत एकदम नको. प्रत्येक जिल्ह्यात एक तालुका निवडा, जिथे हातात कला आहे आणि संघ हिशोबाला चोख आहे असा. मोठं उद्घाटन नसलं तरी चालेल.

आणि आढावा बैठकीत विचारायचा प्रश्न बदला. ‘किती विक्रेत्यांची नोंदणी झाली’ हे विचारू नका. किती बायांना या महिन्यात पैसे मिळाले आणि किती, हे विचारा. किती गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा मागवलं, हे विचारा. पार्सलं परत का आली, याची यादी मागवा. आपण जे विचारता तेच खालचे अधिकारी मोजतात, आणि जे मोजलं जातं तेवढंच होतं.

येत्या वर्षाच्या जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात निदान आठ केंद्रांची तरतूद व्हावी, आणि ती आषाढाआधी सुरू व्हावीत, कारण त्यानंतर सुरू केली तर दिवाळीचा माल हुकतो आणि पुन्हा एक वर्ष जातं. जीएसटीच्या दोन नियमांबद्दलचं पत्र आपल्या कार्यालयातून लवकर जावं. भावाचे तक्ते, मापं, परत आलेल्या पार्सलांच्या नोंदी, पाकिटांचे नमुने आमच्याकडे तयार आहेत. आपण बोलवाल तिथे घेऊन येऊ. आपण स्वतः एखाद्या तांड्यावर आलात तर जास्त बरं. फक्त दसऱ्याच्या आत या, म्हणजे बाया भेटतील.

आपली नम्र,
बचत गटांची एक कार्यकर्ती
जि. हिंगोली